चार दिवे आणि एक ऋण चिन्ह

"क्यूबिट एकाच वेळी शून्यही असतो आणि एकही असतो."

हे वाक्य गेल्या वर्षभरात किती वेळा ऐकलं याची मोजदाद मी सोडून दिली आहे. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं, लिंक्डइनवर तर रोजच दिसतं. आमच्या टीममधला एक ज्युनियर हल्ली पगारातून हप्ते भरून एक ऑनलाइन क्वांटम कोर्स करतोय. त्याने मला पहिल्या तीन स्लाइड्स दाखवल्या. पहिलीवर हेच वाक्य. दुसरीवर "म्हणून क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम तपासतो". आणि तिसरीवर थेट पगाराचे आकडे. :)

माझं म्हणणं असं की पहिल्या स्लाइडचं वाक्य अर्धवट आहे, दुसरीचं चूक आहे, आणि तिसरी त्या दोघींच्या जिवावर उभी आहे. पोराचे पैसे खरे आहेत म्हणून हा विषय घेतला. शिवाय केंद्र सरकारनेही एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलंय. म्हणजे हा शब्द आता काही वर्षं तरी आपली पाठ सोडत नाही. तो नीट समजून घ्यायला हवा. आणि माझ्या मते त्यासाठी संमिश्र संख्या, हिल्बर्ट स्पेस वगैरेची भीती बाळगायची गरज नाही. इंजिनीअरिंगच्या गणितात शिकलेली साधी संभाव्यता पुरते. तीही सगळी नाही, फक्त एक नियम.

हो, खरंच. क्वांटम अवस्था साध्या संभाव्यतांची यादी म्हणून लिहिता येते. ही काही माझी आयडिया नाही, भौतिकशास्त्रातली जुनी आणि सिद्ध झालेली गोष्ट आहे. कोर्सवाले मात्र ती सांगत नाहीत, कारण त्यात जादूचा धूर निघत नाही.

आता जरा कागद-पेन घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

एक डबा आहे असं समजा. त्यात क्यूबिट आत सोडायचा. डब्यावर चार दिवे आहेत आणि दर वेळी त्यातला नेमका एक लागतो. हे चार दिवे अवकाशातल्या चार दिशांशी जोडलेले आहेत, अशा की त्यांची टोकं जोडली तर सगळ्या बाजू सारख्या असलेला चतुष्फलक तयार होतो. म्हणजे जुन्या दुधाच्या त्रिकोणी पाकिटासारखा आकार. हा डबा काल्पनिक नाही बरं का. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या एका गटाने २००६ साली प्रकाशाच्या ध्रुवीकरणासाठी अशी चार डिटेक्टरांची मांडणी करून दाखवली आहे.

एकाच पद्धतीने तयार केलेले हजारो क्यूबिट एकेक करून डब्यात सोडा आणि कुठला दिवा किती वेळा लागला ते मोजा. चार संभाव्यता मिळतील. त्यांची बेरीज १. एकही ऋण नाही, एकही संमिश्र नाही. या चार आकड्यांत त्या क्यूबिटच्या अवस्थेची संपूर्ण माहिती असते. पाठ्यपुस्तकात जी अवस्था संमिश्र संख्यांनी लिहितात, ती या चार आकड्यांवरून जशीच्या तशी परत काढता येते. काहीही हरवत नाही.

पहिला दिवा 'शून्य'च्या दिशेला ठेवला तर आकडे असे येतात:

शून्य: १/२, १/६, १/६, १/६
एक: ०, १/३, १/३, १/३
शून्य आणि एक यांची सरळ नाणेफेक: १/४, १/४, १/४, १/४
शून्य आणि एक यांचं सुपरपोझिशन: ०.२५०, ०.४८६, ०.१३२, ०.१३२

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. दोन्हींत तुम्ही "शून्य की एक?" असा थेट प्रश्न विचारलात तर उत्तर पन्नास-पन्नास टक्केच येतं. पण याद्या वेगळ्या आहेत. नाणेफेकीची यादी सपाट आहे, सुपरपोझिशनची टोकदार आहे. "एकाच वेळी शून्य आणि एक" या वाक्यातून हा फरक कधीच कळत नाही. नाणं हवेत असतानाही लोक तेच म्हणतात की.

गंमत म्हणजे कुठल्या याद्या चालतात याचाही एक सोपा नियम आहे. चारही संभाव्यतांचे वर्ग करून त्यांची बेरीज घ्या. ती १/३ पेक्षा जास्त असता कामा नये. बस्स, एका क्यूबिटसाठी एवढंच. शून्याची यादी घ्या: १/४ अधिक तीन वेळा १/३६, म्हणजे १/३. बरोबर काठावर. एकची यादी: तीन वेळा १/९, पुन्हा १/३. सुपरपोझिशनवालीही काठावरच बसते, कॅल्क्युलेटरवर करून बघा. नाणेफेकीची मात्र १/४, म्हणजे आत. या नियमामुळे कुठलाही दिवा अर्ध्याहून जास्त खात्रीने लागू शकत नाही. "पहिलाच दिवा लागेल, शंभर टक्के" असं सांगता येईल असा क्यूबिट निसर्गात तयारच होत नाही. अनिश्चिततेचं तत्त्व, अनिश्चिततेचं तत्त्व म्हणून जे घोकलं होतं, त्याचंच हे साधं रूप.

इथे कुणीतरी म्हणणार, "म्हणजे सगळी साधी संभाव्यताच? मग एवढा गाजावाजा कशाला?"

थांबा. आता तो एक नियम येतो.

कोथरूडहून हिंजवडीला जाणारी ऑफिसची कॅब घ्या. समजा, १०० पैकी ६० वेळा ती चांदणी चौकातून बायपासने जाते आणि तेव्हा उशीर व्हायची शक्यता निम्मी. उरलेल्या ४० वेळा ती विद्यापीठ चौकातून जाते आणि तेव्हा उशिराची शक्यता पाव. एकूण उशिराची शक्यता किती? ०.६ गुणिले ०.५ अधिक ०.४ गुणिले ०.२५, म्हणजे ०.४. हा एकूण संभाव्यतेचा नियम. यात आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो. कॅब कुठल्या रस्त्याने गेली हे कुणी रजिस्टरमध्ये लिहिलं की नाही, याने उत्तर बदलत नाही. लिहिलं नाही तरी ती कुठल्या तरी एका रस्त्याने गेलेलीच असते.

आता हाच हिशोब डब्याला लावू. डब्याबाहेर पडणारा क्यूबिट लागलेल्या दिव्याच्या दिशेला वळून येतो असं धरा. पहिला दिवा लागला असेल तर नंतरच्या "शून्य की एक?" या प्रश्नाला शून्य हे उत्तर नक्की येतं, म्हणजे संभाव्यता १. बाकी तीन दिव्यांपैकी कुठलाही लागला असेल तर शून्य यायची संभाव्यता १/३. 

पक्का शून्य असलेला क्यूबिट घ्या. त्याची यादी १/२, १/६, १/६, १/६. कॅबच्या नियमाने शून्य यायची संभाव्यता: १/२ अधिक तीन वेळा (१/६ गुणिले १/३), म्हणजे १/२ अधिक १/६, म्हणजे २/३.

पण क्यूबिट तर पक्का शून्य आहे! त्याला थेट विचारलं तर उत्तर शंभर टक्के शून्य यायला हवं, आणि तसंच येतं. मग हे २/३ कुठून आलं? क्यूबिट खरंच डब्यातून नेला, कुठला तरी दिवा लागला, तो कुणीही पाहिला नाही, आणि मग प्रश्न विचारला, तर २/३ येतं. डबा वाटेत ठेवलाच नाही तर १ येतं. म्हणजे कॅबच्या भाषेत सांगायचं तर, चौकात कॅमेरा बसवला की उशिराची शक्यता बदलते, मग त्या कॅमेऱ्याचं फुटेज कुणी बघो वा न बघो.

डबा नसतानाचं बरोबर उत्तर काढायला नियमात थोडी दुरुस्ती करावी लागते. प्रत्येक संभाव्यता तशीच वापरायच्या ऐवजी तिची तिप्पट करून त्यातून अर्धा वजा करायचा, आणि मग कॅबचा नियम लावायचा. शून्याच्या यादीचं काय होतं बघा: १/२ चं १ होतं आणि १/६ चं ०. म्हणजे १, ०, ०, ०. उत्तर १. आता 'एक'ची यादी घ्या: ०, १/३, १/३, १/३. तिचं होतं उणे १/२, १/२, १/२, १/२. शून्य यायची संभाव्यता: उणे १/२ अधिक तीन वेळा (१/२ गुणिले १/३), म्हणजे उणे १/२ अधिक १/२, म्हणजे ०. अगदी बरोबर.

ते उणे १/२ दिसलं? माझ्या मते क्वांटमची सगळी गोम तिथे आहे. सुरुवातीची यादी साधी, शेवटचं उत्तर साधं, पण मधल्या पायरीवर ऋण संभाव्यतेसारखं काहीतरी डोकावून जातं. कॅब उणे पन्नास टक्के वेळा बायपासने गेली, याला काही अर्थ नाही. त्याचा सरळ अर्थ इतकाच की जो दिवा लावलाच नाही, तो "लागलाच असता तर कुठला" हे आधीच ठरलेलं होतं असं धरून बेरजा करता येत नाहीत.

या ऋण चिन्हाचा इतिहासही रंजक आहे. युजीन विग्नर यांनी १९३२ मध्येच क्वांटम अवस्था स्थान आणि संवेग यांच्या वितरणासारखी लिहून दाखवली होती. सगळं ठीक, फक्त ते वितरण काही ठिकाणी ऋण होतं. १९४० मध्ये जपानच्या कोदी हुसिमी यांनी कुठेही ऋण न होणारं वितरण दिलं, पण मग त्यावरून सरासऱ्या काढायचे नियम नेहमीचे राहिले नाहीत. १९६३ मध्ये आपले ई. सी. जी. सुदर्शन यांनी प्रकाशाची कुठलीही अवस्था लेझरसारख्या शिस्तीच्या अवस्थांची 'मिसळ' म्हणून लिहिली, आणि त्या मिसळीतली प्रमाणंही ऋण होऊ शकतात. सुदर्शन मूळचे केरळचे, पण रॉचेस्टरला पीएचडीला जाण्याआधी ते मुंबईत टीआयएफआरमध्ये होते. पुढे २००५ चं नोबेल याच क्षेत्रातल्या कामासाठी रॉय ग्लॉबर यांना मिळालं, सुदर्शन यांना नाही, आणि त्यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. नावाचा मान कुणाला हा वाद बाजूला ठेवू. ऋण चिन्ह मात्र दर वेळी कुठून तरी वर येतंच.

हे फुग्यासारखं आहे. एकीकडे दाबलं की दुसरीकडे फुगतो. अवस्थांची यादी धन ठेवलीत तर नियमात ऋण येतं, नियम साधा ठेवलात तर यादीत येतं. अवस्था धन, मापनं धन आणि वर बेरजेचा नियमही नेहमीचा, असं तिन्ही एकदम संपूर्ण क्वांटम सिद्धांतासाठी जमत नाही. हे रॉबर्ट स्पेकेन्स, ख्रिस्तोफर फेरी आणि जोसेफ एमर्सन यांच्या २००८ च्या सुमारासच्या कामातून गणिताने सिद्ध झालं आहे. दोन गुंतलेल्या कणांच्या बाबतीत जॉन बेल यांनी १९६४ मध्ये यापुढची गोष्ट दाखवली होती: प्रत्येक कण आपली उत्तरं खिशात घालून निघतो आणि लांबच्या कणाचा त्यावर परिणाम होत नाही, असं मानलं तर क्वांटमचे आकडे जुळत नाहीत. प्रयोगांनी क्वांटमच्या बाजूने कौल दिला, आणि २०२२ चं नोबेल अस्पे, क्लॉसर आणि झायलिंगर यांना त्या प्रयोगांसाठीच मिळालं.

आता दुसऱ्या स्लाइडकडे वळू, कारण पैसे तिथे जातात.

नेहमीचा युक्तिवाद असा: ५० क्यूबिटची अवस्था लिहायला दोनाचा पन्नासावा घात इतके आकडे लागतात, म्हणजे एकावर पंधरा शून्यांहून मोठी संख्या. म्हणून क्वांटम कॉम्प्युटरमध्ये तेवढी ताकद आहे. ऐकायला भारी वाटतं. पण ५० साधी नाणी घ्या. त्यांचं एकत्रित संभाव्यता-वितरण लिहायलाही अगदी तितकेच आकडे लागतात! म्हणून पन्नास नाणी खिशात घेऊन फिरणारा माणूस सुपरकॉम्प्युटर होत नाही. आकड्यांची संख्या ही संभाव्यतेची सवय आहे, त्यात क्वांटम असं काही नाही.

मग फरक कुठे? नाण्यांचं वितरण कितीही मोठं असलं तरी नाणी उडवून त्याचा नमुना घेता येतो. आपण सिम्युलेशनमध्ये तेच करतो, रॅण्डम नंबर घेतो आणि सरासरी काढतो. पण मधे उणे १/२ आलं की गाडी अडते. उणे अर्धी वेळा नाणं कसं उडवणार? चिन्ह वेगळं लिहून ठेवता येतं, पण मग मोठमोठ्या धन आणि ऋण रकमा एकमेकींना खातात आणि हाती चिमूटभर उत्तर उरतं. ते चिमूटभर उत्तर गोंगाटातून शोधायला लागणारे नमुने क्यूबिटच्या संख्येनुसार घातांकी वेगाने वाढतात. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ च्या भाषणात (छापलं १९८२ मध्ये) नेमकं हेच सांगितलं होतं: नेहमीच्या कॉम्प्युटरला नाणेफेक शिकवली तरी तो निसर्गाची क्वांटम नक्कल करू शकत नाही, कारण वाटेत संभाव्यता ऋण होतात. पुढे २०१२ मध्ये व्हिच, फेरी, ग्रॉस आणि एमर्सन यांनी एका प्रकारच्या क्वांटम यंत्रणांसाठी दाखवलं की विग्नरसारखी यादी सगळीकडे धन राहिली, तर ते गणित साध्या कॉम्प्युटरवरही आरामात होतं. 

एक बारकावा मात्र सांगायला हवा. ऋण दिसणं हे यादी कशी मांडली यावरही अवलंबून असतं. पन्नास क्यूबिट सगळे 'एक' असतील तर माझ्या चार दिव्यांच्या हिशोबात उणे १/२ येईल, पण तिथे क्वांटम काहीच नाही. शून्य-एकच्या साध्या यादीत ते ऋण गायब होतं. कस लागतो तो कुठल्याही मांडणीने न जाणाऱ्या ऋणाचा.

म्हणून "सगळी उत्तरं एकदम तपासतो" हे चूक. सगळी उत्तरं एकदम असून उपयोग काय, मोजताना एकच हाती येणार. चांगला क्वांटम अल्गोरिदम चुकीच्या उत्तरांकडे जाणाऱ्या धन आणि ऋण वाटा एकमेकांवर आपटवतो आणि बरोबर उत्तराकडे जाणाऱ्या वाटा जोडतो. हे जमायला प्रश्नाला विशिष्ट ठेवण असावी लागते. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याला ती आहे, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं. तुमच्या कंपनीच्या रिपोर्टिंग डॅशबोर्डला ती आहे असं मला कुणी अजून दाखवलेलं नाही. :)

दोन आक्षेप येणार हे माहीत आहे.

पहिला: "प्रत्यक्ष कामाला ही चार दिव्यांची पद्धत गैरसोयीची आहे." मान्य. क्यूबिट वाढले की याद्यांचा आकार चाराच्या घाताने वाढतो, आणि नियमही फक्त वर्गांच्या बेरजेचा राहत नाही. प्रोग्राम लिहायचा झाला तर मीही संमिश्र संख्याच वापरीन. पण हिशोबाची सोय वेगळी आणि समज वेगळी. संमिश्र संख्यांत शिकवलं की विद्यार्थ्याला वाटतं, विचित्रपणा त्या काल्पनिक 'आय'मध्ये आहे. तो तिथे नाही हे चार दिवे दाखवतात.

दुसरा: "अवस्था म्हणजे संभाव्यतांची यादी, तर मग ती फक्त आपल्या डोक्यातली माहिती झाली, बाहेर खरं काही नाही." केव्हज, फुक्स आणि शॅक यांच्यासारखे लोक अवस्थेला माणसाच्या अपेक्षांचा हिशोब मानतात, आणि चार दिव्यांची ही मांडणी फुक्स यांच्या गटाने खूप पुढे नेली आहे. मला मांडणी पटते, निष्कर्ष पुरता पटत नाही. एखादी गोष्ट संभाव्यतेत लिहिता येते याने ती निव्वळ माहिती ठरत नाही. २०१२ मध्ये प्युझी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांनी काही वाजवी गृहीतकांवर उलट बाजूचा निकालही दिला आहे: दोन वेगळ्या शुद्ध अवस्थांमागचं वास्तव एकच असू शकत नाही. हा वाद जिवंत आहे आणि तो कोर्सच्या पहिल्या स्लाइडवर मिटवायची कुणाला घाई असायचं कारण नाही.

त्या ज्युनियरला मी कोर्स सोड असं म्हटलं नाही. शिकणं वाईट नाही, आणि या क्षेत्रात खरं काम आहे. फक्त पुढच्या हप्त्याआधी शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचार म्हटलं: "सर, तुम्ही सांगताय तो फायदा पन्नास नाण्यांना का मिळत नाही?" उत्तरात वाटा एकमेकींना कशा खोडतात हे आलं, तर माणूस विषय जाणतो. उत्तरात पुन्हा "एकाच वेळी शून्य आणि एक" आलं, तर उरलेले हप्ते एखाद्या चांगल्या पुस्तकावर खर्च करावेत.

असो. रविवार आहे, चहा गार झाला. वर्गांच्या बेरजा तपासून बघा, आणि कुठे गणित अडलं तर कळवा.